दोन्ही काठांचे दाखले

२०१२ साल. एनकार्नासिऑनचं खालचं गाव तोवर धरणाच्या पाण्यात गेलं होतं. घाटावरच्या पत्र्याच्या टपऱ्या, कोळशावर भाजलेल्या चिपा पावाचा खरपूस वास, होडी सुटताना बायकांची एकमेकींना हसत हसत घातलेली शिवीगाळ, सगळं पाराना नदीच्या तळाशी. उरला होता तो पूल. एका टोकाला पराग्वेचं एनकार्नासिऑन, दुसऱ्या टोकाला अर्जेंटिनाचं पोसादास. म्हाताऱ्या न्या सातूसारख्या फेरीवाल्या बायका अजूनही झग्याखाली तेलाच्या बाटल्या चोरून बांधून त्यावरून ये-जा करत.

न्या सातूची लेक निमिया मात्र कित्येक वर्षांत पुलावर चढली नव्हती. ती पोसादासमध्ये शिवणकाम करायची. पुलाच्या पराग्वेकडच्या टोकाला एव्हर सानाब्रिया होता. एकेकाळी ती त्याच्या घरात नांदली होती. तो पोलीस शिपाई. आधी पट्ट्याने मारायचा, मग पट्ट्याच्या बक्कलने मारू लागला. एका रविवारी पाहुण्यांच्या विनोदाला ती जोरात हसली. पाहुणे गेल्यावर त्याने पिस्तुलाच्या मुठीने तिचा जबडा मोडला. तिच्या हाताशी मांस कापायची सुरी होती. ती त्याच्या मांडीत दांड्यापर्यंत गेली. निमिया तोंडातलं रक्त गिळत पूल ओलांडून आली ती परत गेली नाही.

एव्हरने तक्रार दिली नाही. बाईने भोसकलं हे तिकडचा कुठला पुरुष सांगेल? त्याने सांगितलं, रात्री नदीकाठी तीन तस्कर अंगावर आले. पुढे तिनाचे पाच झाले. त्या मांडीवर त्याला पदक मिळालं, हवालदारकी मिळाली, आणि निमियाची पोलिसातली नोंद कोरी राहिली.

त्या वर्षी तो पुलावरून इकडे यायला लागला. समोरच्या फुटपाथवर उभा राहून तिच्या दाराकडे बघायचा. एका सकाळी निमियाने दार उघडलं तर तिचा कुत्रा गळा चिरून कडीला टांगलेला. पोसादासचे पोलीस म्हणाले, "कुणी पाहिलं का? नाही? मग आम्ही काय करू?"

तेव्हाच तिने न्यूझीलंडचा व्हिसा मागितला. वर्षभर राहायचं, फिरायचं, फळबागेत काम करायचं. अर्जेंटिनाच्या तरुणांना ते मिळायचं आणि तिची वयोमर्यादा संपत आली होती. पण तिचा बाप पोसादासचा आणि जन्म एनकार्नासिऑनचा, म्हणून ती दोन्ही देशांची नागरिक. व्हिसावाल्यांनी कळवलं, गुन्हा नसल्याचे दोन्हीकडचे पोलीस दाखले शुक्रवारपर्यंत पाठवा.

"दुसरा देश लिहिलास कशाला?" न्या सातू कडाडली. "नदी काय ओरडून सांगणार होती?"

"खोटं सापडलं तर दारातूनच परत, आई."

"मग मी जाते तुझ्या नावाने. तोंड सारखंच आहे आपलं."

"तोंड सारखं आहे, पण त्यात तुझे दात किती उरलेत? आणि बोटांचे ठसे घेतात, दोन्ही काठांवर."

"मग मी सोबत येते. आणि मधे बोलू नको म्हणून सांगू नकोस."

गुरुवारी दोघी पुलावरून गेल्या. पोलीस कचेरीबाहेर रांग होती, बहुतेक बायकाच. आंब्याखाली फौजदार आपारिसिओ शिपायांबरोबर तेरेरे, म्हणजे बर्फाच्या पाण्यातला पाल्याचा गार चहा, नळीने पीत बसले होते. निमियाचे ठसे घेतले, तपासले, दाखला निघाला. स्वच्छ. सही तेवढी राहिली होती. कागद घेऊन ती फौजदारांसमोर उभी राहिली, आणि मागून लंगडत्या पावलांचा आवाज आला.

"आली का राणी?" एव्हरने तिच्या मानेवर हात ठेवला आणि बोटं आवळली. "साहेब, सही नको. ही गुन्हेगार बाई आहे."

"कागद तर कोरा आहे," फौजदार नळीतून घोट ओढत म्हणाले. "गुन्हा कसला?"

एव्हरची बोटं मानेत आणखी रुतली. निमियाच्या डोळ्यांपुढे अंधारी आली, तरी ती ओरडली.

"सांग ना! लिहून दे तक्रार! माझं नाव लिही, सुरी लिही, मांडी लिही! उतरव पँट आणि दाखव साहेबांना, बायकोने कुठे खुपसली ती!"

रांगेतली एक बाई म्हणाली, "कुठली मांडी गं? ती तस्करांवाली?"

"तीन होते ना ते?"

"माझ्या नवऱ्याला तर पाच सांगितले होते!"

"आणि पाचही झग्यात होते काय गं?"

बायका खिदळल्या. एक शिपाई हसू लपवायला बुटाची नाडी बांधू लागला. फौजदारांना ठसका लागला.

"हवालदार," ते तोंड पुसत म्हणाले, "तक्रार द्यायची असेल तर द्या. माझी ना नाही. पण मग ते पदक परत करावं लागेल, आणि खोटा जबाब दिल्याचंही काहीतरी होईल. बोला."

एव्हरचा चेहरा काळवंडला. तो पुटपुटला, "चूक झाली, साहेब. ती बाई वेगळी असेल."

फौजदारांनी सही केली. निमियाने कागद पोलक्यात खुपसला आणि ती फाटकाकडे निघाली. लोखंडी दाराच्या चौकटीवर तिचा उजवा हात टेकला होता. एव्हरने मागून येऊन सगळ्या अंगाने दार लोटलं.

वाळलेली काटकी मोडावी तसा आवाज झाला. निमियाने हात ओढायचा प्रयत्न केला. त्याने दार उघडलं आणि पुन्हा आपटलं. तर्जनीचं नख उखडून लोंबत राहिलं. मधल्या बोटाचं पेर उलटं वळलं.

"जा आता पलीकडे," तो तिच्या कानाशी म्हणाला. "तिकडचाही दाखला लागणार ना? दे तिथे दहा बोटांचे ठसे."

न्या सातूच्या हातात तेरेरेसाठी आणलेला, बर्फाच्या पाण्याने भरलेला पोलादी थर्मास होता. तिने तो दोन्ही हातांनी उचलला आणि एव्हरच्या कानशिलावर हाणला. तो भिंतीवर आदळला. दुसरा घाव तिने जुन्या जखमेच्या मांडीवर घातला, आणि तो गुडघ्यावर आला. तिसरा तोंडावर. रक्ताबरोबर दोन दात फरशीवर पडले. शिपायांनी तिला मागून धरलं तरी ती लाथा झाडत होती.

"पळ गं! माझ्याकडे काय बघत बसलीस?"

निमिया पळाली. हात टॉवेलात गुंडाळून बसमध्ये बसली. पुलाच्या मध्यावर टॉवेल ठिबकू लागला. शेजारची म्हातारी न विचारता आपली शाल काढून तिच्या हाताला गुंडाळत राहिली.

पोसादासच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाला, "दोन्ही बोटांना पट्टी लावून बांधलंय. महिनाभर उघडायचं नाही." शुक्रवारी सकाळी ती अर्जेंटिनाच्या दाखल्यासाठी तिथल्या ठशांच्या कचेरीत हजर होती.

खिडकीमागची बाई तिचा हात बघून म्हणाली, "ताई, असे ठसे घेता येत नाहीत. बऱ्या झालात की या."

"आज शेवटचा दिवस आहे."

"जखमी बोटाची जागा रिकामी ठेवून शेरा मारता येतो, पण परदेशात ते चालेल याची हमी मी देत नाही."

"मग रिकामी ठेवायची नाही."

निमियाने दातांनी पट्टीची गाठ सोडली. शेवटचा थर जखमेला चिकटला होता, तो ओढल्यावर रक्त पुन्हा वाहू लागलं. खिडकीमागच्या बाईने तोंड फिरवलं.

"बघा इकडे," निमिया म्हणाली. "नख गेलंय. बोट आहे अजून. शाई आणा."

रक्त पुसायचं, शाई लावायची, कागदावर बोट फिरवायचं. पुन्हा रक्त, पुन्हा पुसायचं. मधलं बोट सरळ होईना. तेव्हा तिने डाव्या हाताने ते धरलं आणि सरळ केलं. वेदनेने तिचं कपाळ टेबलाच्या कडेला आपटलं, पण बोट कागदावरून उचललं नाही. दहाही ठसे उमटले. दुपारी दोन्ही दाखले न्यूझीलंडला रवाना झाले.

व्हिसा आला. निमिया किवी फळांच्या बागेत गेली. पुढे दुसरे परवाने मिळवत तिथेच राहिली. तिचं मधलं बोट वळत नाही, शिवणकाम सुटलं. आता ती फळं निवडणाऱ्या टोळीची मुकादम आहे. न्या सातूला आठवडाभर कोठडीत ठेवलं, रांगेतल्या बायका आळीपाळीने तिला जेवण पोचवत होत्या. सुटल्यावर ती पुन्हा पुलावर दिसू लागली. २०१९ साली झोपेत गेली. लेकीला वेळेवर येता आलं नाही. फौजदार निवृत्त होऊन मधमाश्या पाळतात. एव्हरची बदली दूरच्या ओसाड चाको भागातल्या एका चौकीवर झाली. तिथेही त्याने एका बाईला घरात आणलं आणि तिचा हात मोडला. ती बाई मात्र दुसऱ्याच दिवशी तक्रार लिहून देऊन आली. एव्हर चार वर्षं तुरुंगात होता. आता एका सोयाबीनच्या गोदामावर रखवाली करतो. समोरचे दात त्याने बसवून घेतलेले नाहीत.