एकोणीसची चढाई

“हात मागं का बांधलाय रं? मी काय परीक्षा घ्यायला आलोय?”

जयसिंग गुरुजी मधल्या रेषेवर धापा टाकत उभे होते आणि समोर चौथीची सात पोरं माना खाली घालून. एकोणीसचा पाढा म्हणत गुरुजी आत शिरले होते आणि सत्तावन्नपर्यंत जाईतो चौघांना शिवून परतलेही होते. त्यांना कुणी बोटसुद्धा लावलं नव्हतं.

उचगावच्या आमच्या शाळेत दर शनिवारी हा खेळ चालायचा. कबड्डीच, पण तोंडानं पाढा. आकडा चुकला की बाद, दम तुटला की बाद. बाद झालेला रांगेत बसायचा आणि नंबर आला की परत आत यायचा. पकडणाऱ्यानं उरलेला पाढा पुरा करायचा, नाहीतर गुण नाही. मधेच एक चढाई गुरुजींची, एकोणीसचीच. चौदा वर्षांत कुठल्याच वर्गाला ते सापडले नव्हते.

मी शेजारच्या वर्गाचा मास्तर. सुरुवातीला या गोंधळाची मी तक्रारही केली होती. माझी पोरं लाकडी पट्टी खाऊन बारापर्यंत पोचायची आणि दिवाळीच्या सुट्टीत सगळं विसरून यायची. माझी स्वतःची लेक पूर्णिमा सातच्या पाढ्याला रडायची. मी दोन धपाटे घातले, तर ती सहाचाही विसरली. गुरुजींनी तिला मैदानात नेलं. महिन्याभरात ती घरात, मोरीपासून चुलीपर्यंत, सातचा पाढा घुमवत पळू लागली. त्या दिवसापासून माझी पट्टी कपाटात गेली ती गेलीच. या माणसापुढं मी मास्तर म्हणून कुठंच लागत नाही, हे मला तेव्हाच कळलं.

आज गुरुजींचा शेवटचा शनिवार. मंगळवारी ते निवृत्त होणार होते. दिवाळीत छातीचं दुखणं निघालं आणि डॉक्टरांनी पळायला बंदी केली. तरी ते ऐकेनात. म्हणून खेळाआधी मी पोरांना गाठून बजावलं होतं, “गुरुजींना धरू नका. न हरता जाऊ देत.” मला वाटलं, मी शहाणपणा केला.

“कुणी सांगितलं?” गुरुजींनी विचारलं.

पोरांनी माझ्याकडं पाहिलं. अक्षता नावाची काटकुळी पोरगी तर सरळ बोट दाखवून मोकळी झाली.

“बाळासो,” गुरुजी म्हणाले, “चौदा वरसं मी या पोरास्नी एक आकडा फुकट दिला न्हाय. आन् तू मला चार गडी फुकट देतोस व्हय?”

“गुरुजी, डाक्टर म्हणालाय...”

“डाक्टरला एकोणीसचा येतोय का इचार आधी.” पोरं हसली. गुरुजी हसले नाहीत. “ही चढाई मोजायची न्हाय. परत.”

मला थांबवायला हवं होतं, पण त्यांच्या डोळ्यांत पाहून माझा पाय उचलला नाही.

गुरुजींनी विजारीचे पाय वर दुमडले, रेषेला हात लावून तो कपाळाला लावला आणि आत गेले. “एकोणीस एके एकोणीस, एकोणीस दुणे अडतीस...” पोरं आता सावध होती. कोपरा राखणारा सूरज पुढं सरकला. “एकोणीस चोक शहात्तर...” गुरुजी वळले आणि अक्षतानं खाली झेप घेऊन त्यांचा घोटा धरला. बाकीच्यांनी कंबरेला विळखा घातला. गुरुजी रेषेकडं वाकले. हात वीतभर कमी पडत होता. “एकोणीस पंचे पंच्याण्णव, एकोणीस सक...”

दम तुटला.

अक्षतानं घोटा सोडला नव्हता आणि तिचे डोळे भरले होते.

“रडतीस काय? पाढा पुरा कर, न्हायतर गुण न्हाय,” गुरुजी धापा टाकत म्हणाले.

“एकशे चौदा,” ती नाक ओढत म्हणाली. “एकोणीस साते एकशे तेहेतीस...” गुरुजी मान तिरकी करून एकेक आकडा तपासत होते. ती एकशे नव्वदला पोचली तेव्हा त्यांनी स्वतःच शिट्टी फुंकली आणि बोट वर केलं. “गुण!”

मग कपडे न झटकताच ते रेषेबाहेर गेले. बाद झालेल्या गड्यांच्या रांगेत, सगळ्यांच्या मागं, मांडी घालून बसले. पुढच्या पोरानं जागा देऊ केली. त्यांनी मानेनंच नको म्हटलं. नियमानं त्यांचा नंबर शेवटचा होता.

खेळ पुन्हा सुरू झाला. शाळा सुटायची वेळ कधीच झाली होती. मी घंटेखाली, हातात हातोडा घेऊन, ती न वाजवता तसाच उभा राहिलो.