पेरूवर टांगलेली शिकारीण

मी एक जुनी सीडी आहे. गिरीज गावच्या दिवाकरकाकांच्या वाडीत, पेरूच्या फांदीला सुतळीने बांधलेली. उन्हात चकाकून पोपटांना भिववायचं, हे माझं काम. आणि पोपट काय करतात? माझ्यात बघून चोच साफ करतात!

हसू नका, मित्रांनो. चौदा लाख राक्षस मारलेत मी. खोटं वाटत असेल तर त्या राक्षसांनाच विचारा.

प्लास्टिक वितळवून, दाबून, वर चंदेरी मुलामा देऊन मला घडवलं. १९९८ साली संगणकाच्या एका मासिकाबरोबर मी काकांच्या लेकीला, क्षितिजाला फुकट मिळाले. माझ्या पोटात बंदुकीचा खेळ होता. पडद्यावर नुसती बंदूक दिसायची. ती धरणारा शिपाई म्हणजे खेळणारा स्वतःच. लांबण नाही, सूचना नाहीत. पळा, राक्षस दिसला की बार काढा, निळी किल्ली शोधा, निळं दार उघडा. चित्रं विटांएवढ्या ठिपक्यांची, पण बार असा दणदणीत, की गिरीजमध्ये उडाला आणि पलीकडच्या वटार गावातल्या कोंबड्या आठवडाभर अंडी घालायला विसरल्या.

कीबोर्ड एक, खेळणारे दोन. क्षितिजा बाणांची बटणं दाबून पळायची आणि शेजारचा फ्रेडरिक गोळी झाडायचा.

“अरे मार ना! झोपलास काय?”

“तूच भिंतीकडे तोंड करून उभी! भिंतीला मारू?”

“मार! मागे चोरखोली असेल.”

आणि असायची हो! मग दोघं अशी ओरडायची, की काका विळा टाकून धावत यायचे.

पुढे दोघं नोकरीला लागली. संगणक मोडीत गेला. मी माळ्यावर डब्याविना धूळ खात पडले. पेरू पिकायला लागले आणि काकांनी मला उचललं. एवढी मोठी शिकारीण, बुजगावणं झाली!

दोन वर्षं उन्हात काढली. मग क्षितिजाने नवा संगणक आणला, नवा खेळ आणला. गवताचं पातं न् पातं हलायचं त्यात. तिने फ्रेडरिकला बोलावलं. खिडकी माझ्यासमोरच, मला सगळं ऐकू येत होतं. पडद्यावरचा सेनापती बोलतच होता, बोलतच होता.

“ह्याचं भाषण कधी संपणार गं?”

“आता संपेल. पण माउस नि कीबोर्ड दोन्ही एकालाच लागतात. तू नुसता बघ.”

“मग मला बोलावलंस कशाला? टाळ्या वाजवायला?”

क्षितिजा माउस सोडून उठली. मग ओरडली, “बाबा, आमची ती जुनी सीडी कुठंय?”

“पेरूवर.”

“अहो, गेम होता तो!”

“होता ना? आता कामाला लागलाय.”

तिने धावत येऊन सुतळी तोडली. माझी बाहेरची कड उन्हाने सोलवटली होती. आतलं काही गेलं असलं तर? ड्राइव्हमध्ये मी घरघरले आणि अडकले.

“मेली वाटतं,” फ्रेडरिक म्हणाला.

“थांब रे.” तिने ओढणीने मला मधून बाहेर, सरळ पुसलं आणि पुन्हा घातलं. होता नव्हता तो जीव एकवटून मी फिरले. अख्खा खेळ संगणकात उतरवून दिला. एक राक्षसही मागे ठेवला नाही! लगेच दोघांनी कीबोर्ड वाटून घेतला. “मार ना!” “पळ ना!” तोच गोंधळ.

मला वाटलं, आता मखमलीचा डबा. कसला डबा! खेळ संगणकात गेला, माझी गरज संपली. काकांनी नव्हे, क्षितिजानेच मला परत फांदीला बांधलं. वर दुहेरी गाठ!

मित्रांनो, जुना खेळ हवाहवासा वाटतो, तर तो सांभाळणाऱ्यालाही सांभाळा. सीडी डब्यात ठेवा, गोल गोल घासू नका. आणि टांगायचीच असेल, तर निदान चकचकीत बाजू खिडकीकडे करून टांगा. आत कोण जिंकतंय ते आम्हालाही बघू द्या!