रक्तातला गंज

बजाजनगरच्या त्या हॉलात मुंगीला शिरायला जागा नव्हती. स्टेजवर पांढऱ्या कोटात बद्रीनाथ सर. शुगरचा एकेक पेशंट यायचा, सरांनी दिलेल्या कापसानं बोटं पुसायचा आणि समोरच्या ग्लासात बुडवायचा. पाणी काळंकुट्ट व्हायचं.

"हा तुमच्या रक्तातला गंज," सर म्हणायचे. "आता आमचं फिनॉल बघा." चार थेंब पडले की पाणी लख्ख. "इन्शुलिन बंद करा. फिनॉल घ्या."

रांगेत आपली आई, कडूबाई, दिसली तशी विशाखा चरकली. मागच्या कॅम्पपासून आईनं चार दिवस सुई टोचली नव्हती. ओठ सुकले होते, धाप लागत होती.

"आई, आपण बुवाबाबाला मानत नाय ना?"

"ह्यो कुठं बुवा हाय? देवाचं नाव बी घेत नाय, सायन्सचं घेतो. तूच नाय का आवळ्याच्या रसानं जांभळं पाणी पिवळं करून दाखवलं? तू बी फिनॉलच म्हणली व्हतीस."

खोटं काय होतं त्यात? झाडपाल्यातल्या फिनॉलांतून शुगरवर औषध निघतं का, हेच विशाखा चार वर्षं प्रयोगशाळेत शोधत होती. मिरवायला म्हणून तिनंच घरी तो प्रयोग केला होता.

ती तडक स्टेजवर चढली. कापूस न घेता बोटं बुडवली. पाणी जसंच्या तसं. मग सरांच्याच कापसानं सरबताचा चमचा पुसून ग्लासात घातला. पाणी काळं.

"सर, चमच्याला पण शुगर झाली काय?"

कुणीतरी फिसकन हसलं.

"कापसाला आयोडीन, पाण्यात भाताची पेज, दोन्ही मिळाली की काळं," ती लोकांना म्हणाली. सरबताच्या टेबलावरचं लिंबू घेऊन तिनं त्या काळ्या पाण्यात पिळलं. सरांच्या थेंबांशिवाय पाणी साफ झालं. "मी स्वतः प्रयोगशाळेत फिनॉलांवर काम करते."

"मग तुमचं खरं औषध कवा येणार?" एका म्हाताऱ्यानं विचारलं.

"काचेच्या नळीत चाळीस फिनॉलं पास झाली. पेशींवर सदतीस नापास. उरलेली तीन अजून उंदरालाही दिली नाहीत. दहा वर्षं लागतील. कदाचित एकही टिकणार नाही."

"दहा वर्षं? लई झाली," म्हातारा पुटपुटला. अर्धी रांग पुन्हा सरांकडं वळली. तेवढ्यात कडूबाई भिंतीला धरून खाली बसली.

दवाखान्यात साखर साडेपाचशे निघाली. कडूबाई अजून शुद्धीवर नाही. रविवारी सरांचा कॅम्प गारखेड्यात आहे. जाणार असाल तर बाबांनो, ग्लासाकडं बघू नका. सरांना एवढंच विचारा, हे किती माणसांना दिलं आणि त्यातली किती जगली. उत्तर मिळेपर्यंत सुई सोडू नका.