धानाच्या भाऱ्याएवढा रस्ता

मी एक जुना गोटा आहो, पोट्टेहो. पण नुसता गोटा म्हणू नका, हद्दीचा गोटा. पोंभुर्ण्याच्या अलीकडं नवी वस्ती बसली ना, तिच्यात रुखमाबाईच्या घराच्या कोपऱ्यावर मी अर्धा जमिनीत अन् अर्धा वर बसून राह्यलो. डोक्यावर छिन्नीची फुली आहे. बकऱ्या येऊन आंग घासते, तुम्ही माह्यावर बोराच्या बिया फोडता. फोडा. मले काही होत नाई.

पहिले मी नाल्यात होतो. बाया माह्यावर लुगडी आपटत, गावाच्या गोष्टी करत. मले बरं वाटे.

मग जुनी वस्ती जळाली. तिथी घरं अशी चिपकून, की एकाच्या छपराचं तणस दुसऱ्याच्या छपरावर पडे. बोळीतून बैलाची बंडी जातच नसे. भर दुपारी आग लागली. नाल्यावरून पाण्याचे पिंप भरून बैल पळवले, पण बंडी बोळीच्या तोंडाशीच अटकली. माणसं घागरी घेऊन पळाले. घागरीनं काय होते? रुखमाबाईचं घर गेलं, सोमाजीचं गेलं. जीव तेवढे वाचले.

सरकार तेव्हा नवंनवं आपलं झालं होतं. त्यानं वरच्या पडीत जागा दिली. मोजणीवाले साहेब साखळी घेऊन आले. गावचा कारभारी नानाजी, त्यानं सगळ्यायले मोहाच्या झाडाखाली बसवलं अन् तिथीच कायदे ठरले. दोन घरांच्या मधात मोकळी जागा सोडाची. जोतं नालीपेक्षा हातभर उंच घ्याचं. नाली उतारानंच जाईन, कोणाच्या आंगणात घुसणार नाई.

"अन् रस्ता किती ठेवू?" साहेबानं विचारलं.

"दोन बंड्या आमनेसामने निघाल्या पाह्यजे," नानाजी म्हणे. "एक पाणी घेऊन येईन, दुसरी रिकामी जाईन."

चैताचं ऊन होतं. दोन बंड्या आणल्या, बाजूबाजूनं उभ्या केल्या, चाकाच्या बाहेर वीतभर सोडून खुणा मारल्या. आम्हा गोट्यायले नाल्यातून उचललं. लटारू पाथरवटानं फुल्या कोरल्या. मग खुणेखुणेवर गाडलं, कुंकू लावलं, नारळ फोडला. काय मान होता आमचा! साहेबही एक डोळा मिटून पाहे अन् म्हणे, "झकास लाईन आली."

रुखमाबाईनं सगळ्यायच्या पहिले घर बांधलं. एकटी बाई, मातीत तणस तुडवून भिंती तिनंच थापल्या. भिंतीपासून माह्यापर्यंत रस्त्याकडं ओटा केला, शेणानं असा सारवला की मलेच लाज वाटे. येणाऱ्या-जाणाऱ्याले म्हणे, "बसा जी घडीभर. आता माह्यं घर झालं." समोर सोमाजीचा प्लॉट. तिथी अजून नुसते खांब उभे होते.

मग धान कापला. इकडून सोमाजी भारे लादून आला, तिकडून वस्तीतलाच वारलू भारे लादून आला. माह्याजवळ दोघं भेटले अन् फसले. चाकं निघत होते, भारे निघत नव्हते! भारे चाकाच्या बाहेर दोन्ही बाजूनं हात-हात लटकते. मोजाच्या दिवशी बंड्या रिकाम्या होत्या. जन्मभर धान वाहणारं गाव, पण एकाच्याही डोक्यात ते आलं नाई.

"मागं घे ना बे!" सोमाजी ओरडला.

"तूच घे. माहे बैल मागं चालाले शिकले नाई."

"धन्यावर गेले ते."

सगळे हासले. बाबूभाई, बंडीच्या चाकाले लोखंडी धाव चढवणारा, तो मात्र कमरेवर हात ठेवून उभा राह्यला. "हंसो भाऊ, हंसो. कल पानी की गाडी यहीच अटकी तो? फिर घागर लेके दौडोगे क्या?"

हासणं थांबलं.

रस्ता वाढवाचा, तर कोणाची तरी जागा जाणार. इकडून रुखमाबाईचा ओटा अन् भिंत. तिकडून सोमाजीचं आंगण.

"मी काऊन देऊ?" सोमाजी म्हणे. "माह्या मागं नाली आहे. कोठा कुठी बांधू? बैल डोक्यावर घेऊ?"

रुखमाबाई आत गेली. मले वाटलं, रडाले गेली. बाहेर आली ते कुदळ घेऊन.

"थांबा जी, बाई!" नानाजी धावला.

"काऊन थांबू? घर जळत होतं अन् ती पाण्याची बंडी मले दिसून राह्यली होती. दिसे, पण पोचे नाई. ओटा काय, पुन्हा होते."

अन् घातला घाव. सारवलेली माती माह्या डोक्यावर पडली.

सोमाजी बंडीवरून उतरला. तिच्या हातातली कुदळ धरली. "द्या इकडं. भिंतीले हात लावू नका. तुमचा ओटा जाऊ द्या, बाकी माह्या बाजूनं घ्या. कोठा लहान बांधतो. बैलायले थंडीत चिपकून झोपाले बरंच."

मले उकरलं, मागं सरकवलं, भिंतीशी गाडलं. या वेळी भारे लादलेल्या बंड्या उभ्या करून मोजलं.

पुढच्या उन्हाळ्यात सोमाजीच्याच कोठ्याचं तणस पेटलं. भरली बंडी आली, रिकामी गेली, पुन्हा भरली आली. माह्या आंगाले एक चाक घासलं नाई. छप्पर गेलं. घर राह्यलं, बैल राह्यले. धुरानं काळ्या झालेल्या तोंडानं सोमाजी रुखमाबाईजवळ आला. ती माह्यावर बसून होती.

"बाई, मागच्या बाजूनं मोठा ओटा बांधून देतो."

"नको जी. इथून बंड्या दिसते."

तेव्हापासून मीच तिचा ओटा.

पण पोट्टेहो, आग विझली की माणूस विसरते. आता कोणी रस्त्यावर लाकडं रचते, कोणी कुडाचं कुंपण हातभर पुढं घेते. "जरासंच तर आहे," म्हणते. कोणी तर मलेही हालवून पाह्यलं. मी हाललो नाई. मले कुंकू नको, नारळ नको. रस्त्यावर काही मांडाच्या पहिले फक्त ते लटकते भारे आठवा, अन् बोळीच्या तोंडाशी अटकलेलं पाणी आठवा.

बरं, उठा आता माह्यावरून. रुखमाबाई येऊन राह्यली. तिची बसाची वेळ झाली.