ताईला उभं करताना

"किती भरली?" ताईनं पलंगावरून विचारलं.

टेलरबाईंनी आरशासमोर टेप कमरेभोवती ओढून दोनदा पाहिलं. मग श्वास आत घेऊन तिसऱ्यांदा पाहिलं, कारण गिऱ्हाइकांच्या सगळ्या लबाड्या त्यांना तोंडपाठ होत्या.

"छत्तीस."

"म्हणजे जैसे थे! तीन महिने घाम गाळलास धाकटे, आणि सूतभर फरक नाही. त्यापेक्षा रात्रीचं जेवण सोड. मी नव्हते का सोडत?"

सोडत होती खरी. चाळीस वर्षं ताई अर्धपोटी झोपली आणि चाळीस वर्षं तिची कंबर चोवीसच्या वर गेली नाही. त्या कमरेवरचा प्रत्येक झगा टेलरबाईंनी स्वतः शिवला होता. दर वर्षी टिपेनं तो थोडा आत घेताना त्यांना कोण अभिमान वाटायचा! आज त्या अभिमानाची लाज वाटते, पण तेव्हा वाटायचा हे खरं.

सात महिन्यांपूर्वी ताई पडदा ओढायला गेली आणि नुसती कलंडली. मांडीचं हाड मोडलं. डॉक्टरांनी फोटो उजेडासमोर धरला आणि म्हणाले, हाडं पोकळ झाली आहेत, त्यांना ना कधी खाणं मिळालं, ना काम. ऑपरेशन झालं, हाड जुळलं, पण पायांत जीव उरला नव्हता. पलंगावरून खुर्चीत जायचं तरी कुणीतरी उचलायला हवं.

उचलणार कोण? टेलरबाई बासष्टच्या. जन्मभर जमिनीवर बसून गिऱ्हाइकांच्या झग्यांची खालची दुमड टाचली, पण उठताना टेबलाचा पाय धरल्याशिवाय उठता येत नव्हतं. एकदा ताईला उचलताना दोघीही फरशीवर बसल्या त्या बसल्याच. एक गिऱ्हाईक येईपर्यंत तासभर दोघी समोरासमोर. आधी हसल्या, मग गप्प झाल्या.

ही गोष्ट ताईच्या मुलाच्या कानावर गेली. तो धावत आला.

"मावशी, तुला आईला उचलता येत नाही. तुझं तुला उठता येत नाही. तिला वृद्धाश्रमात ठेवू. तिथे चोवीस तास माणसं असतात."

ते 'तिथे' सहा तासांच्या अंतरावर होतं. ताई भिंतीकडे तोंड करून पडली होती आणि तिचे खांदे हलत होते.

"मला तीन महिने दे," टेलरबाई म्हणाल्या.

"दिले. एकटीनं आईला जमिनीवरून उठवून खुर्चीत बसवलंस, तर मी पुन्हा विषय काढणार नाही."

मग आठवड्यातून दोनदा नर्सबाई येऊ लागल्या. दंडानं अशा भरलेल्या, की ताईनं पहिल्याच दिवशी त्यांचं नाव पैलवानबाई ठेवलं. "कमरेत वाकायचं नाही, गुडघ्यात बसायचं. उचलायचं ते मांड्यांनी," हे त्यांचं पालुपद. हात न लावता खुर्चीतून दहादा उठायचं. कापडाचा तागा छातीशी धरून खोलीभर फिरायचं. पहिल्या आठवड्यात टेलरबाईंच्या नाकी नऊ आले.

पण दुपारी, मशीन थांबलं की, खोलीला निराळीच शांतता यायची. पडद्यातून पिवळसर उजेड झिरपायचा, हँगरवरचे अर्धे शिवलेले झगे वाऱ्यावर सावकाश हलायचे. तागा छातीशी धरून त्यांच्यामधून फिरताना टेलरबाईंना वाटायचं, आजवर मापं घेतलेल्या सगळ्या बाया इथे आल्या आहेत. अजून थोडं आत घ्या ना बाई, म्हणणाऱ्या. आणि आता त्यातली एकही काही मागत नाही, नुसती वाट करून देते आहे. किती फेऱ्या झाल्या याचं भान राहायचं नाही. ताई पलंगावरून पाहत असायची, कधी त्या पाहण्यातच तिचा डोळा लागायचा.

आणि दर रविवारी टेप तेच सांगायचा. छत्तीस. उलट बाह्या दंडाला काचू लागल्या. टेलरबाईंनी स्वतःच्या बाहीची शिवण उसवली तेव्हा त्यांचं मनच मोडलं.

शनिवारी भाचा यायचा होता. गुरुवारी त्यांनी हात टेकले.

"बस झालं, नर्सबाई. काही उपयोग नाही. टेप खोटं बोलत नाही."

"टेप?" पैलवानबाईंनी आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग त्या टेपकडे, आणि त्या खदखदून हसल्या. "अहो, तीन महिने तुम्ही कंबर मोजताय? मी तुम्हाला बारीक करायला येते का? तो अस्तराचा तागा खालच्या फळीवरून काढायला तुम्ही कुणाला हाक मारायचात?"

"शेजारच्या इस्त्रीवाल्याला."

"शेवटची कधी मारलीत?"

टेलरबाई आठवू लागल्या. आठवेना. तागा तर टेबलावर होता. सकाळी त्यांनीच आणून ठेवला होता, गुणगुणत.

शनिवारी दुपारी भाचा दारात आला. हातात आईचे कपडे भरायला रिकामी बॅग. त्याला पाहून ताई घाईनं उठायला गेली आणि पलंगाच्या कडेवरून घसरत फरशीवर आली.

"आई!" तो धावला.

"थांब," टेलरबाई म्हणाल्या. "लागलं का गं, ताई?"

"नाही गं."

"मग तू मध्ये येऊ नकोस, बाळा."

त्या गुडघ्यात बसल्या. ताईचे हात गळ्याभोवती घेतले, आपले तिच्या पाठीमागे गुंफले. "चांगल्या पायावर जोर दे. चल." आणि त्या उठल्या. मांड्या थरथरल्या, दात आवळले गेले, पण मध्ये कुठेही थांबावं लागलं नाही. ताई त्यांच्याबरोबर वर आली.

भाच्यानं खुर्ची पुढे सरकवली. टेलरबाईंनी मान हलवून नको म्हटलं. ताईची हनुवटी त्यांच्या खांद्यावर टेकली होती. समोरच खिडकी होती. सात महिन्यांत पहिल्यांदाच ताई उभ्यानं रस्ता पाहत होती.

"फार जड आहे का गं मी?" तिनं हळूच विचारलं.

"नाही. काहीच नाहीस तू, ताई. काहीच उरली नाहीस." आणि टेलरबाईंना रडू कोसळलं. ताईनं बहिणीच्या उघड्या, घट्ट दंडावर बोटं फिरवली, हाताला नवीनच काही लागावं तशी.

"धाकटे, मला भूक लागलीय," ती म्हणाली.

भाच्यानं बॅग भिंतीशी ठेवली आणि तो स्वयंपाकघरात गेला. दोघी तशाच उभ्या राहिल्या.