डोस घेतला, शाब्बास!

शुक्रवारी सकाळी माझ्या टूथब्रशला अपडेट हवं होतं. मी तोंडात फेस घेऊन उभी आणि त्याच्या मुठीवरचा निळा दिवा लुकलुकतोय. अपडेट होईपर्यंत तो फिरणार नव्हता. शेवटी त्याला बेसिनच्या कडेला ठेवला आणि बोटाने दात घासले. बोटाला आजवर कधी अपडेट लागलेलं नाही.

माझ्या घरात अशी अकरा यंत्रं आहेत. बहुतेक ऑफिसातून तपासायला म्हणून आली आणि राहिली. वजनकाटा आकडा काहीही असो, ‘छान प्रगती!’ म्हणतो. एकदा मी त्याच्यावर पाण्याची बादली ठेवली. बादलीचीही प्रगती छान होती. बेडरूमचा दिवा फोनवरून लागतो, पण कुणी भिंतीवरचं बटण दाबलं की तो रुसतो आणि त्याची नव्याने ओळख करून घ्यावी लागते.

या वस्तू बिघडतात म्हणून मला त्यांची किळस येत नाही. बिघडतं सगळंच. किळस येते ती त्यांच्या लाडिक बोलण्याची. काही माहीत नसताना पाठ थोपटणाऱ्या माणसाला आपण घरात घेणार नाही, पण यंत्राला घेतो, चार्जिंगला लावतो. आणि ते बोलणं लिहिणाऱ्यांपैकी मी एक आहे.

आमची कंपनी गोळ्यांचा डबा बनवते. वहीएवढा पांढरा डबा, वर एकच झाकण, आत अठ्ठावीस कप्पे. दर चार आठवड्यांनी भरायचा. सकाळी सात ते नऊच्या दरम्यान झाकण उघडलं की डब्याने समजायचं, डोस घेतला. साडेसातपर्यंत उघडलं नाही, तर बोंबलायला लागायचं. डोस घेतल्याची खबर घरच्या माणसाच्या फोनवर जाते: हिरवी खूण, रंगीत कागदांचा पाऊस आणि ‘शाब्बास!’ तो पाऊस मी लिहिलाय. दोन दिवस लागले होते.

पहिल्या डब्यात झाकणाखाली एक छोटं बटण होतं. दुसऱ्या डब्यात ते काढलं. हादरे मोजणारी चिप आत होतीच. झाकण उघडलं की डबा थोडा हलतो, तेवढं मोजा म्हणजे झालं, असं ठरलं. मग तक्रारी आल्या, की हळूच उघडलं तर डब्याला कळत नाही. मॅनेजर म्हणाले, “जरा कान तिखट कर त्याचे.” किती हादरा बसला की झाकण उघडलं समजायचं, तो आकडा मी एका दुपारी चाळीसचा बारा केला.

आमच्याकडे तपासणीचं काम करणारा एक जण आहे. सगळे त्याला शंकासुर म्हणतात. त्याने तेव्हा विचारलं होतं, “कुठे कुठे ठेवून पाहिलंस?”

“टेबलावर.”

“ऑफिसच्या?”

“मग काय, तुझ्या डोक्यावर ठेवू?”

“लोक घरी जाताना हे टेबल घेऊन जातात का गं?”

सगळे हसले. मीही हसले. शंका नोंदवहीत गेली आणि तिथेच राहिली.

शुक्रवारी दहाला बैठक होती. मॅनेजरांनी भिंतीवर एक आलेख लावला. खाली तारखा, बाजूला सकाळच्या वेळा आणि मध्ये एकवीस ठिपके. “हे आपले आदर्श रुग्ण,” ते म्हणाले. “नाव नाही, नुसता नंबर. पहिले दोन दिवस डबा ओरडला. त्यानंतर एकोणीस दिवस एकदाही ओरडायची वेळ आली नाही. सवय लागते ती अशी.”

टाळ्या झाल्या. मी नंबर वाचला. तो माझ्या आत्याच्या डब्याचा होता; तिची रोजची खबर माझ्याच फोनवर येते.

पहिल्यांदा मला चक्क अभिमान वाटला. हे सांगताना लाज वाटते, पण वाटला. मग मी पहिले दोन सोडून बाकीचे ठिपके बघायला लागले. सात वाजून तीन. सतरा. नऊ. एकोणीस. एक. बारा. सात ते सात वीसमध्ये ठिपके सारखे पसरलेले होते, तांदूळ निवडायला ताटात पसरावेत तसे. कुठेही गर्दी नाही. मी पदार्थविज्ञान शिकले आहे, आणि माणसाच्या सवयीचा आलेख असा नसतो. त्याला कुठेतरी उंचवटा असतो. रोज सव्वासातच्या आसपास गोळी घेणारा कधी दहा मिनिटं पुढे, कधी पाच मागे, पण बहुतेकदा सव्वासातलाच घेतो. इथे सवय दिसतच नव्हती.

शिवाय आत्या आठच्या आत उठत नाही. एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं सहायक होती, पाचला उठायची. निवृत्त झाल्या दिवशी तिने जाहीर केलं होतं, “आता सूर्याने माझी वाट बघावी.”

या वेळा मला आधी का दिसल्या नाहीत? कारण लोकांना आकडे आवडत नाहीत असं आम्हीच ठरवलं होतं. फोनवर फक्त हिरवी खूण दिसते.

मी उठून बाहेर आले आणि फोन लावला.

“आत्या, आज गोळी घेतलीस?”

“कुठली?”

“कुठली काय! हृदयाची. डब्यातली.”

“ती बंद झाली ना?”

“कुणी बंद केली?”

“तूच. नाहीतर त्या डॉक्टरणीने. तू म्हणाली होतीस ना, आत्या, तू काही लक्षात ठेवू नकोस, डॉक्टरांनी डोस बदलला की मी इथूनच बदलीन. डबा बोंबलायचा थांबला. मी म्हटलं, चला, सुटले.”

“विचारायचंस तरी मला!”

“मागच्या आठवड्यात सांगितलं नव्हतं, जिना चढताना दम लागतो म्हणून? तू काय म्हणालीस?”

मी काय म्हणाले होते ते मला आठवत होतं. मी अॅप उघडून बघितलं होतं आणि म्हणाले होते, “डब्यावर सगळं ठीक दिसतंय, आत्या. वयाचं असेल.”

फोन कानाला धरूनच मी पायऱ्या उतरायला लागले.

“आत्या, जिना उतरू नकोस. खुर्चीत बस. मी येतेय.”

“आग लागलीय का?”

“बस म्हटलं ना!”

“ओरडतेस कशाला? डब्याचं काम तू घेतलंस वाटतं.”

ती दुसऱ्या मजल्यावर राहते. मी धावत चढले, तर दार उघडं टाकून ती खुर्चीत बसली होती. चेहरा राखाडी, घोटे सुजलेले. मनगटावर बोटं ठेवून दुसऱ्या हातातल्या घड्याळाकडे बघत होती. मला बोलू नको म्हणून मान हलवली. पूर्ण एक मिनिट मोजलं.

“एकशे अठरा,” ती म्हणाली. “आणि मध्येमध्ये अडखळतंय. सारखं नाही.”

डबा फ्रीजवर होता. तिथे मीच ठेवला होता. पहिले दोन दिवस तो जेवणाच्या टेबलावर होता, पण वायर आखूड आणि प्लग फ्रीजच्या मागे. दुसऱ्या दिवशी, रविवारी, तिची गोळी घेऊन झाल्यावर मी आले आणि म्हटलं, आत्या, इथे बघ कसा छान दिसतो. मी झाकण उघडलं. एक आणि दोन रिकामे. तीनपासून एकवीसपर्यंत प्रत्येक कप्प्यात एक छोटी गुलाबी गोळी. हात टेकवला तेव्हा फ्रीजने अंग झटकल्यासारखं केलं आणि त्याची मोटर घरघरायला लागली. तळहाताला मुंग्या आल्या. डब्यालाही याच येत असणार. मोटर दर वीस मिनिटांनी सुरू होते. सातनंतरचा पहिला हादरा सात वीसच्या आत येतोच, डबा म्हणतो झाकण उघडलं, आणि साडेसातला ओरडायचं कारणच उरत नाही.

डॉक्टरणीचा दवाखाना त्याच इमारतीत तळमजल्यावर आहे. मी जाऊन तिला वर घेऊन आले. तिने ईसीजीची पट्टी काढली, इंजेक्शन दिलं आणि अर्धा तास तिथेच बसली. मग मला स्वयंपाकघरात बोलावलं.

“ही गोळी अशी एकदम सोडायची नसते. चिठ्ठीवर लिहिलेलं असतं. वाचता येतं ना तुम्हाला?”

“हो.”

“काय करता तुम्ही?”

मी डब्याकडे बघितलं. “सॉफ्टवेअर.”

“हं,” ती म्हणाली. या ‘हं’मध्ये तिला बरंच काही बसवता आलं. “आणखी आठवडाभर हे असंच गेलं असतं, तर आपण इथे उभं राहून बोलत नसतो. उद्यापासून अर्धी गोळी, नाश्ता झाल्यावर. तुम्ही समोर बसून द्यायची. डबा नाही. तुम्ही.”

संध्याकाळी नाडी अठ्ठ्याण्णववर आली. मी मॅनेजरांना फोन केला आणि सगळं सांगितलं.

“बाप रे. आत्या बऱ्या आहेत ना आता? मग झालं तर,” ते म्हणाले. “एखादा फ्रीज खराब असू शकतो गं.”

“सर, फ्रीज चांगला आहे. फ्रीज फ्रीजचं काम करतोय.”

“बरं बरं. पुढच्या अपडेटमध्ये घेऊ. महिन्याभरात येईल.”

“महिनाभर? तोवर बाकीच्यांना कळवायला नको?”

“काय कळवणार? एका घरातली गोष्ट आहे. लोक उगाच घाबरतील. तू दमलीयस, दोन दिवस सुट्टी घे.”

त्यांचा आवाज मऊ होता. वजनकाट्याला आवाज दिला तर असाच देतील. मी फोन ठेवला आणि शंकासुराला लावला. तो एकदाही ‘मी म्हटलं नव्हतं का?’ असं म्हणाला नाही. फक्त विचारलं, “सात ते सात वीस, सपाट पसरलेले, बरोबर? शोधतो.” तासाभराने त्याचा निरोप आला. असे आणखी त्रेसष्ट डबे होते. खाली त्रेसष्ट नंबर आणि त्यांचे फोन. शेवटी एक ओळ: ‘ही यादी मी पाठवली हे सांगायला हरकत नाही.’

मी यादी आत्याला दाखवली आणि सगळं सांगून टाकलं. चाळीसचा बारा, ऑफिसचं टेबल, सगळं. ती ऐकून घेईल, ‘जाऊ दे गं’ म्हणेल, असं मला वाटत होतं.

“आमच्याकडे पोरं काय करायची माहितीय?” ती म्हणाली. “लंबक हलवायचीच नाहीत. घरून रीडिंग लिहून आणायची. मी वही बघूनच ओळखायचे. फार गुळगुळीत असायची ना.”

“मी तसं केलं नाही, आत्या.”

“नाही. तू तो डबाच तसं करेल अशी सोय केलीस.” तिने पाय उचलून स्टुलावर ठेवले. “आणि अजून तुझ्याकडे पुरावा काय? फ्रीजवर हात ठेवलास आणि ठरवलंस. रीडिंग घेतलंस का?”

“म्हणजे?”

“म्हणजे काय, मोजपट्टे? उद्या सातला घेऊ.”

मोजपट्टी हे माझं तिथलं नाव. लहानपणी मी तिच्या घरातलं सगळं मोजत असे, मांजराची शेपटीसुद्धा.

शनिवारी ती पावणेसातला उठली, सूर्याच्या आधी. आम्ही दोघी फ्रीजसमोर खुर्च्या टाकून बसलो. तिच्या मांडीवर जुनी वही, हातात घड्याळ. कापलेली अर्धी गोळी समोर बशीत. डब्याला कुणी हात लावायचा नाही. माझा फोन दोघींना दिसेल असा मध्ये.

सात वाजले. सात पाच. आत्या म्हणाली, “बोलू नकोस,” मी बोलत नव्हते तरी. सात वाजून अकरा मिनिटांनी फ्रीजने अंग झटकलं. मोटर घरघरली. क्षणभराने माझा फोन थरथरला आणि पडद्यावर लाल, पिवळे, निळे कागद पडायला लागले. ‘डोस घेतला. शाब्बास!’

गोळी बशीतच होती.

आत्या पडद्याकडे बघत राहिली. मग हाताला काही लागलं असावं तसा तिने तो पदराला पुसला. “शी,” ती म्हणाली. “हे तू लिहिलंस?”

“हो.”

“रोज येतं?”

“रोज. सगळ्यांना.”

तिने वहीत लिहिलं: सात अकरा, मोटर सुरू, डोस नाही. खाली सही केली आणि वही माझ्याकडे सरकवली. मीही सही केली. मग आम्ही नाश्ता केला, तिने अर्धी गोळी घेतली आणि पाणी पिऊन झाल्यावर मला जीभ काढून दाखवली.

आठ वाजता मी फ्रीजच्या मागचा डब्याचा प्लग ओढला आणि डबा खाली उतरवला. यादी टेबलावर पसरली. सोमवारी मला ऑफिसात कुणी विचारलं तर वही दाखवून सगळं खरं सांगायचं हे ठरलेलं होतं, त्यामुळे त्याचा विचार करावा लागला नाही. आत्याने पट्टीने वहीत चार रकाने आखले: नंबर, डबा कुठे, गोळ्या शिल्लक, डॉक्टरला कळवलं.

पहिला फोन एका आजोबांनी उचलला. मागे कुठेतरी टीव्ही चालू होता.

“मी गोळ्यांच्या डब्याच्या कंपनीतून बोलतेय. त्याचा प्रोग्राम लिहिणारी.”

“अरे वा! फार गुणी डबा आहे हो तुमचा. आमच्या हिचा आहे. अजिबात त्रास देत नाही.”

आत्याने पेन उचललं.

“आजोबा, डबा कुठे ठेवलाय?”

“कुठे म्हणजे? फ्रीजवर. का हो?”

“फोन धरून तिथपर्यंत जा आणि झाकण उघडा,” मी म्हणाले. “आत किती गोळ्या आहेत ते मला मोजून सांगा. मी थांबते.”

चपलांचा आवाज लांब गेला. टीव्हीवर कुणीतरी हसत होतं. मग झाकण उघडल्याचा टक असा आवाज आला, आणि आजोबांनी मोजायला सुरुवात केली.