सात बुचं आणि एक जाळी

बायकोच्या नावावर ढकललं, तर एकतीस तास वाचत होते.

तपासनीस साहेबांची गाडी मैदानाच्या फाटकातून आत वळेपर्यंत टर्नरने हा हिशेब तीनदा करून पाहिला. विमान घरी बांधलेलं. असलं विमान चाळीस तास एकट्याने उडवून दाखवल्याशिवाय शेजारच्या सीटवर माणूस बसवायची परवानगी मिळत नाही. त्याचे एकतीस झाले होते, आणि एकतिसाव्यात इंजिन बंद पडून तो पलीकडच्या माळावर कसाबसा उतरला होता. चाक मोडलं, खांदा निखळला, जीव वाचला. आता दोष बांधणीत निघाला तर सगळे तास पुसून पुन्हा शून्यापासून सुरुवात. कोणाचा किरकोळ हलगर्जीपणा निघाला तर नुसती समज.

दोष बांधणीतच होता. तो टर्नरच्या खिशात होता. पितळी जाळीची नखाएवढी चकती.

अकरा वर्षं घरामागच्या शेडमध्ये विमान बांधलं टर्नरने, पण त्याची भोकं राखली बायकोने. ती ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स. सगळं गाव तिला सिस्टर म्हणे, लाडात आला की नवराही. टाके घालायच्या आधी कापसाच्या बोळ्यांची मोजदाद करणं हे तिचं काम. अठ्ठावीस वर्षांत एक बोळा कमी पडला नव्हता. विमानाला हवा आत यायची सात भोकं होती आणि उबदार भोक दिसलं की किडा घर करतो, म्हणून तिने स्पंजची सात बुचं कापली, प्रत्येकाला लाल फीत शिवली. संध्याकाळी लावताना मोठ्याने सात, सकाळी काढताना मोठ्याने सात.

"अगं, विमान आहे, पेशंट नाही," टर्नर म्हणायचा.

"पेशंट निदान कण्हतो तरी," ती म्हणायची.

तीन महिन्यांपूर्वी त्याने सातही भोकांत जाळ्या बसवल्या आणि बायकोला बोलावलं. "सिस्टर, तुमची ड्यूटी संपली. आता माशी काय, माशीची सावली आत शिरणार नाही."

ती पंखाखाली वाकली. तिथे पेट्रोलच्या टाकीत हवा नेणारी बारीक नळी होती. "एवढी आत का बसवलीत जाळी?"

"तोंडाशी लावली की दिसते. काम कसं सुबक हवं."

"पण मग पुढे बोटभर बोगदा मोकळाच राहिला. कुंभारीण माशी अशीच जागा हुडकत असते. मागची भिंत तुम्ही आयती दिलीत, तिने आता फक्त दार लिंपायचं."

"भाडं घेऊ की तिच्याकडून!"

"हसा. बुचं लावत जाऊ का तरी?"

"म्हणजे माझ्या कामावर भरवसा नाही, असंच ना?"

सिस्टरने बुचं धुतली, वाळवली आणि डब्यात भरून ठेवली.

कुंभारणीने दार लिंपलं. पेट्रोल संपत गेलं तशी टाकीत हवा यायला हवी होती, ती आली नाही. पेट्रोल टाकीतच अडलं आणि इंजिन उपाशी मेलं. आज पहाटे टर्नरने एका हाताने तार घालून नळी खरवडली, तेव्हा वाळकी माती पडली, मातीतून पिल्लासाठी साठवलेले चार कोळी पडले, आणि मागोमाग जाळी. ती त्याने उचलून खिशात टाकली. सिस्टर कंदील धरून शेजारीच उभी होती.

साहेबांनी माती पाहिली, टर्नरने डब्यातून काढून ठेवलेली फितींची बुचं पाहिली. "हे लावायचं काम कोणाकडे?"

"हिच्याकडे," टर्नर म्हणाला. "त्या दिवशी विसरली."

"बाई, असंच झालं का?"

सिस्टरने नवऱ्याच्या खिशाकडे पाहिलं. खिशात हात होता.

"लिहा," ती म्हणाली.

घरी आल्यावर टर्नर म्हणाला, "अगं, तुझ्यासाठीच केलं. नऊच तास राहिलेत. मग शेजारी तूच."

"हात धुवा. वाढते."

गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. धाकटा दीर येता-जाता विचारू लागला, "वहिनी, गॅस बंद केलात ना? नाही, आपलं विचारलं!" सगळे हसले. टर्नरही हसला. थिएटरमध्ये सर्जन हातात सुई धरून म्हणाले, "सिस्टर, आज मोजणी दोघींनी करा बरं." ते अर्धी थट्टाच करत होते. तिने धाकट्या नर्सला बोलावलं आणि दोघींनी मोजलं.

टर्नरने जाळी गुपचूप नळीच्या तोंडाशी आणून बसवली. चाळीस तास पुरे झाले, परवानगीचा कागद आला. त्या सकाळी त्याने दाढी केली. "चल."

"मी नाही येत."

"घाबरलीस?"

"सरकारी कागदावर लिहिलंय, या विमानाची माणसं विसरतात. असल्या विमानात शहाण्याने बसू नये."

तो खाली बसला. "जाऊन खरं सांगू का?"

सिस्टर गणवेशाला इस्त्री करत होती. इस्त्री उभी ठेवून ती थांबली, आणि खरोखरच थांबली. टर्नर बोटांवर काहीतरी मोजत राहिला.

"आता चाळीसच्या चाळीस जातील गं," तो शेवटी म्हणाला.

"जातील ना," ती म्हणाली आणि तिने कॉलर उलटी केली.

टर्नरला तास मिळाले, कागद मिळाला, आभाळ मिळालं. त्याची किंमत जिने चुकती केली, ती दुपारच्या ड्यूटीला निघून गेली. शेजारची सीट रिकामी असली की विमान एका अंगाला झुकतं, म्हणून त्याने तिथे नेहमीची वाळूची गोणी ठेवली, पट्टा नीट आवळला आणि उडाला. उतरल्यावर भरायच्या उड्डाणांच्या वहीत प्रवाशाचा रकाना होता. त्याने त्यात लिहिलं: वाळू, चोपन्न किलो.